दोरीवरची ओली बाळोती

साऱ्या नोकरीत लोकांनी मला सगळ्यांत जास्त वेळा काय विचारलं असेल तर "बाई, दूध पुरतंय का?" एवढंच. मुलगा की मुलगी, हे बाळ बाहेर आलं की दिसतंच. वजन काट्यावर कळतं. दूध मात्र अंगात असतं, ते कुणाला दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्याची काळजी करायला घरातली झाडून सगळी माणसं मोकळी. सासू म्हणणार पातळ आहे, नणंद म्हणणार कमी आहे, आणि ज्याचा काही संबंध नाही तो चुलतसासरा ओसरीवरून खाकरून सांगणार, की म्हशीला सरकी चालू केली तशी हिलाही काहीतरी चालू करा. तोंडावर हसायची सोय नव्हती, म्हणून मी पिशवी आवरायचं निमित्त करून मान खाली घालत असे.

मी सरकारी नर्स, लोकांच्या भाषेत नर्सबाई. सत्तरच्या दशकातली बहुतेक वर्षं मी आधी जतकडे आणि मग आष्ट्याजवळच्या एका उपकेंद्रात काढली. उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या, एक कपाट, एक टेबल आणि मी. हाताखाली आसपासची गावं आणि वस्त्या. बाळंतपण करायचं, नाळ पडेपर्यंत रोज जायचं, नंतर अधूनमधून फेरी मारायची. बाळंतपण बहुतेकदा सुखरूप होई. खरी डोकेदुखी पुढं सुरू व्हायची, कारण बाळंतपणाच्या वेळी खोलीत माझं चालायचं आणि नंतर घरच्यांचं.

जतला मी बाटलीचा धसका घेतला. तिकडं पाणी टँकरनं यायचं. हंडाभर पाण्यासाठी बाया उन्हात तिष्ठत बसायच्या, तिथं बाटली उकळायला पाणी कोण देणार? गढूळ पाण्यात विसळली, की झाली स्वच्छ. निपलवर माश्या बसलेल्या. उन्हाळ्यात बाळाला हगवण लागली की बघता बघता डोळे खोल जायचे, आणि आपण हातात पेज घेऊन बघत बसायचं. बाटलीत काही विष नसतं. शहरातल्या स्वयंपाकघरात तिच्यावर पोरं वाढलीच की. पण आमच्याकडच्या पाण्यात ती म्हणजे पोराच्या जिवाशी खेळ. वरचं दूध द्यायची वेळ आलीच तर वाटी-चमच्यानं द्या, हे माझं तेव्हापासून ठरलेलं. चमचा राखेनं घासता येतो आणि उन्हात वाळवता येतो.

आष्ट्याकडची तऱ्हा वेगळी. तिथल्या एका जैन व्यापाऱ्याच्या घरी मी सुनेचं बाळंतपण केलं. सासरे धान्याचे अडते. सज्जन माणूस, पण सगळा जन्म तराजूपुढं गेलेला. काही दिवसांनी मी गेले तर माजघरात दुकानातला तराजू टांगलेला. एका पारड्यात दुपटं घालून नातू, दुसऱ्यात वजनं. पाजायच्या आधी तोलायचा, पाजून झालं की पुन्हा तोलायचा. काटा हलला नाही की आजोबांचा चेहरा पडे आणि आतल्या खोलीत सून रडायला लागे. बाजारभाव सांगावा तसं ते मला म्हणाले, "सकाळपासून उठाव नाही." मी म्हटलं, "आवं आप्पा, तराजू दुकानात न्या. बघायचंच असेल तर दोरीवर बघा. आत गेल्याशिवाय काही बाहेर येत नाही. बाळोती ओली होतायत ना? मग दूध पोचतंय."

आप्पांना ते एकदम पटलं. माल आत आल्याशिवाय बाहेर जात नाही, हा तर त्यांच्याच धंद्यातला हिशोब. त्यांनी तो येईल त्या गिऱ्हाइकाला सांगितला आणि आसपासच्या गावांत माझं नाव झालं. आजीबाया मला रस्त्यात अडवून अभिमानानं सांगू लागल्या, की आमच्या दोरीला जागा पुरत नाही. मलाही बरं वाटायचं. कुठल्याही वस्तीवर गेले की मी आधी दोरीकडं बघायची, आणि ती भरलेली दिसली की निम्मं काम झालं असं समजायची.

त्या दिवसांत शालन बाळंतपणाला माहेरी आली. माहेर आमच्या उपकेंद्राजवळच्या मळ्यात, सासर म्हसवडकडं, नवरा मिलिटरीत. हे तिचं दुसरं बाळंतपण. पहिली मुलगी सासरी असताना उन्हाळ्यात गेली होती. दूध आटलं, सासूनं डब्यातली पावडर आणि बाटली आणली, मग हगवण लागली आणि पोर हाताला लागली नाही. हे मला तिची आई हौसाक्का हिनं सांगितलं. शालन त्याबद्दल अवाक्षर काढत नव्हती. दुसरी मुलगीच झाली. घरातल्या कुणी तोंड वाकडं करायच्या आत शालननं तिला छातीशी धरलं, आणि मला ती पोरगी तेव्हाच आवडली.

अडचण अशी होती, की तिच्या स्तनांची बोंडं आत ओढलेली होती. पुष्कळ बायकांची असतात. बाळाला धरायला काही सापडत नाही, मग ते नुसतं टोकाशी ओढत बसतं आणि चिरा पडतात. शालनच्या चिरांतून रक्त येत होतं. बाळ तोंडाशी आणलं की ती डोळे मिटून बाजेची कड धरायची. तेव्हा मी तिच्या भावाला सांगलीला धाडलं आणि औषधाच्या दुकानातून टोपी आणायला लावली. टोपी म्हणजे उपड्या वाटीसारखी जाड काच आणि तिच्या टोकाला रबरी निपल. काच स्तनावर बसवायची, बाळानं निपल ओढायचं. दूध आधी काचेत उतरतं आणि मग बाळाच्या तोंडात जातं. चिरांना ओढ बसत नाही. शालनला लगेच उतार पडला. थोड्या दिवसांत चिरा भरल्या की मी येऊन ही टोपी सोडवीन, असं तिला बजावून मी निघाले.

नेमकी तेव्हाच तालुक्याला कुटुंबनियोजनाची शिबिरं लागली. आम्हा सगळ्या नर्सांना तिकडं जुंपलं. ते दिवस ज्यांनी बघितले त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी बघितले नाहीत त्यांना सांगून खरं वाटणार नाही. पोरं कमी करा असा वरून रेटा, आणि इकडं झालेलं पोर जगवायची माझी धडपड. दोन्ही कामांना पगार एकच. माझी शालनकडची फेरी पुढं पुढं ढकलली गेली.

शिबिरातून सुटका झाल्यावर परतताना मी वाटेवरूनच तिच्या घराकडं बघितलं. अंगणातली दोरी बाळोत्यांनी भरलेली. जीव भांड्यात पडला. हौसाक्का दारातनंच म्हणाली, की नात लय मुतते, धुऊन धुऊन हाताची सालं निघाली. मी हसले. पलीकडच्या वस्तीवर एक बाई अडली होती, म्हणून तशीच पुढं गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी आत जाऊन बाळ हातात घेतलं, तर ते हलकं लागलं. बाळाचा भार हाताला आधी कळतो, काट्याला मागाहून. टाळू बसलेली, मांड्यांची कातडी सैल, रडण्यात जोर नाही. बाहेर दोरी वाकलेली आणि आत पोर असं. मला काही मेळ लागेना. बाजेशेजारी घमेल्यात धुवायची बाळोती पडली होती. त्यातलं एक उचललं, ते चिंब होतं. नाकाशी नेलं.

ह्यात किळस वाटण्यासारखं काही नाही, आमचा धंदाच तसा. लहान बाळाचं शू-शी मी वासानं ओळखत असे. ह्या फडक्याला ओव्याचा वास येत होता. दुसरं उचललं, त्यालाही ओव्याचाच.

आमच्याकडं बाळंतिणीला गार पाणी देत नाहीत. ओवा घालून उकळलेलं पाणी तांब्यात भरून बाजेशी ठेवतात, आणि तेही बेतानं. जास्त प्याली तर तिचं पोट सुटतं, बाळाला सर्दी होते, अशी समजूत. सांगून सांगून माझी जीभ झिजली, पण तांब्या काही मोठा झाला नाही. मी तांब्याकडं बघितलं, तो रिकामा. शालनच्या ओठांकडं बघितलं, ते सुकून फुटलेले. मग काय चाललंय ते माझ्या ध्यानात आलं. हौसाक्काला मी शेगडीसाठी निखारे आणायला पाठवलं आणि शालनला विचारलं, "प्यायचं पाणी ह्याच्यावर ओततेस व्हय?"

 ती खालच्या मानेनं सांगू लागली. काच होती म्हणून तिला दूध डोळ्यांनी दिसायचं. ते बघायची सवय लागली. चिरा भरल्या तरी टोपी काढायचं धाडस होईना, पुन्हा दुखेल ही भीती, आणि टोपीशिवाय दूध येतंय की नाही हे कळणार कसं? मग हळूहळू काचेत कमी दिसायला लागलं. मग नुसता ओलावा.

"आईला कळलं असतं तर तिनं म्हसवडला सांगावा धाडला असता," ती म्हणाली. "आत्याबाई डबा आन् बाटली घिऊन आल्या असत्या. पैली तशीच गेली, बाई. बाळोती कोरडी निघाली की दूध न्हाई, हे तुमीच सांगता समद्यास्नी. म्हनून ओली केली."

मला तिचा राग आला. एका तांब्याचं पाणी, तेही स्वतःच्या घशाखाली न घालता फडक्यांवर ओतत होती. आणि त्या रागातच तिची मायाही आली. आपलं दूध गेलं हे घराला कळू नये म्हणून ती कोंडून घेतल्यासारखी एकटी झगडत होती. हत्यार काय, तर मीच गावभर वाटलेलं शहाणपण.

टोपीचं काय होतं ते सांगते. बाळ नुसतं बोंड चोखत नाही. ते तोंड भरून घेतं, जबड्यानं दाबतं, त्यानं दूध उतरतं. जितकं निघेल तितकं पुन्हा बनतं. त्या जाड काचेतून तो दाब नीट पोचतच नसे. रबराच्या बारीक भोकातून येईल तेवढ्यावर बाळ दमून झोपी जायचं, उरलेलं दूध आत राहायचं, आणि शरीर समजायचं की इथं मागणी नाही. मग तेही हात आखडतं. हल्ली पातळ, मऊ टोप्या मिळतात, त्या पुष्कळ बऱ्या. तेव्हाचीही वाईट नव्हती. पाय मुरगळल्यावर काठी घ्यावी तशी ती घ्यायची, शालनच्या चिरा तिच्यामुळंच भरल्या. पण काठी वेळेवर सोडवायला लागते, आणि त्या दिवसांत मी तालुक्याला बायकांची नावं पुकारत बसले होते. त्याची चुटपुट मला अजून आहे.

शालन आईला सांगू नका म्हणून गळ घालत होती. मी ऐकलं नाही. लपवून पोर वाढत नाही. हौसाक्कानं कपाळावर हात मारून घेतला, थोडी रडली, आणि मग उठून तांब्याऐवजी कळशीच आणून बाजेशी ठेवली. मी तिला स्पष्ट सांगितलं, की उद्या सकाळपर्यंत बाळोतं आपोआप ओलं झालं नाही तर बाळाला सांगलीच्या दवाखान्यात न्यायचं, तिथं माझ्याशी हुज्जत घालायची नाही. तोवर हातानं पिळून निघेल तेवढं शालनचं दूध वाटीत काढायचं आणि चमच्यानं पाजायचं. कमी पडेल तिथं गाईचं दूध, उकळून, तेही चमच्यानं. गाईचं नाव काढताच शालनच्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, "अगं, आधी पोरीच्या अंगात ताकद तर येऊ दे. ओढायला जोर लागतो. तिला जोर आला की तुझं दूध तीच वाढवील."

सकाळी बाळोतं ओलं निघालं. पाणी कुणी ओतलं नव्हतं, मी रात्रीच तांब्या-कळशी हौसाक्काच्या ताब्यात दिली होती. मागेल तेवढं पाणी शालनला आईनं हातानं पाजायचं, असं ठरलं होतं. शालनला राग आला असणार.

पुढचं काम चिकाटीचं. बाळाला उघड्या अंगानं आईच्या छातीवर झोपवायचं, भुकेनं आकांत करायच्या आत पाजायला घ्यायचं. सुरुवात टोपीनंच करायची, दूध उतरलं आणि बाळ पेंगलं की हळूच टोपी काढून तोंड लावायचं. बाळ चिडायचं, मान फिरवायचं, हातपाय झाडायचं. शालनचा धीर सुटायचा आणि तिचा हात पुन्हा त्या काचेकडं जायचा. मी सकाळ-संध्याकाळ जाऊन बसायची. पदराखाली पाजायची रीत, उघड्यावर पाजलं तर दुधाला दृष्ट लागते म्हणतात, त्यामुळं मी डोळ्यांपेक्षा कानानंच तपासत असे. नुसत्या चोखण्याचा आवाज चुटपुटता येतो. दूध गिळलं की मध्येच घशात बारीक घुटका वाजतो. तो ऐकू यायला खोलीत सगळ्यांनी गप्प बसायला लागतं, आणि बाळंतिणीच्या खोलीत माणसं गप्प बसवणं हे बाळंतपणापेक्षा अवघड.

इकडं हौसाक्कानं घाबरून, मला न विचारता, म्हसवडला सांगावा धाडलाच होता. ज्या दुपारी सासू एसटीतून उतरून मळ्यात आली, त्याच दुपारी बाळानं पहिल्यांदा टोपीशिवाय नीट तोंड लावलं होतं. मी श्वास रोखून ऐकत होते. तेवढ्यात दारात सावली पडली. नऊवारी लुगडं, धुळीनं भरलेले पाय, हातात पिशवी. पिशवीच्या तोंडातून पावडरचा डबा आणि बाटलीचं टोक दिसत होतं.

शालनचं अंग ताठ झालं. तिनं पदर पुढं ओढला आणि दुसऱ्या हातानं अंथरुणावर टोपी चाचपू लागली. काचेत दूध दाखवता आलं असतं ना! मी तिचा हात धरून ठेवला. टोपी लावली असती तर बाळानं पुन्हा स्तन सोडला असता. आणि आता डबा उघडला गेला असता तर पोट भरलेल्या पोरीनं ओढणंच थांबवलं असतं, आणि उरलंसुरलं दूधही गेलं असतं. मला तेव्हा त्या म्हातारीला हाताला धरून बाहेर काढावंसं वाटत होतं. माझं तोंड तसं तिखट, आणि शब्द जिभेवर आले होते.

म्हातारीनं पिशवी खाली ठेवली. "दूध हाय का न्हाई? खरं सांगा, बाई."

मी म्हटलं, "मावशी, हितं जवळ बसा आणि बोलू नका. ऐका."

ती बाजेशी टेकली. खोलीत कुणी हललं नाही. पदराखालून आधी नुसता चोखण्याचा आवाज आला. मग घुटका. थोडं थांबून आणखी एक. मग एकामागून एक, भरल्या घशाचे.

"गिळतीया," म्हातारी हळूच म्हणाली. तिचा हात पिशवीवर होता, तो तिनं काढून घेतला आणि पदरानं पुसला. मला वाटलं, आता ती सुनेला काही बोलणार. ती माझ्याकडं बघून बोलू लागली.

"पैलीला बाटली मीच पाजायची. ही रानात, मी घरात. घट करून पाजा म्हनलं कुनी, तर घट केली. वाढवून पुरवा म्हनलं, तर पानी घातलं. माझ्याच मांडीवर गेली ती. आता ह्यो डबा आनला, तर एसटीत मांडीवर घेऊन बसायला हात धजंना. तुमी घिऊन जावा त्यो."

शालन पदराआडून तिच्याकडं बघत होती. पहिली मुलगी गेल्यापासून ह्या दोघी एका घरात राहात होत्या, एका चुलीवर भाकरी थापत होत्या, आणि त्या पोरीचं नाव दोघींनी काढलं नव्हतं.

"आत्याबाई," ती म्हणाली, "मला वाटायचं, तुमी माझ्या दुधाला बोल लावता."

"तुझ्या दुधाला कशापायी? मी माझ्या हाताला बोल लावते."

बाळ पिऊन सुटलं. ओठाच्या कडेला दूध तसंच होतं. म्हातारीनं नातीकडं बघून दोन्ही हात उचलले, आणि पुन्हा लुगड्यात ओढून घेतले. शालन बाजेवरून वाकली आणि तिनं बाळ सासूच्या मांडीवर ठेवलं.